वांद्रे पाहायचं तर बँडस्टँड शेवटी ठेवा

साताऱ्याहून गेलेला माणूस बहुधा थेट समुद्रकाठचा बँडस्टँड गाठतो, नटांच्या बंगल्यांसमोर फोटो काढतो आणि परततो. त्यात वांद्रे दिसत नाही.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीतून मुंबईला नेते. सातारा स्टेशन माहुलीला, शहराबाहेर, तेव्हा रिक्षा आधीच सांगून ठेवा. दादरला उतरून पूल ओलांडा आणि पश्चिम रेल्वेची बोरिवलीकडची लोकल पकडा. दादरला रिक्षा शोधू नका, त्या माहीमच्या खाडीपलीकडेच चालतात. वांद्रे स्टेशनला उतरा. वांद्रे टर्मिनस वेगळं आणि पूर्वेला आहे. आपल्याला पश्चिमेला बाहेर पडायचंय.

माहीम सुटलं की डावीकडे बघा. तिथल्या कॉजवेमुळे, म्हणजे खाडीवरच्या रस्त्यामुळे, वांद्रे बदललं. त्याआधी इथं कोळी आणि ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्याच मराठी ख्रिश्चनांची गावठाणं होती, खाडी होडीनं ओलांडावी लागे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी जमशेटजींनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. धनिकांचे बंगले त्यानंतरचे, टॉवर तर अगदी अलीकडचे.

हिल रोडनं चालत रनवार गावठाणात शिरा. लाकडी जिने, कौलं आणि वाटेवरचे क्रूस सावकाश बघा. १८९६ च्या प्लेगच्या साथीत असे बरेच क्रूस उभे राहिले. लोकांची घरं आहेत ती, अंगणात घुसू नका. हिल रोडच्या समुद्राकडच्या टोकाला सेंट अँड्र्यूज चर्च, मूळ १५७५ चं. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

मग चढ चढून मोत माउली, म्हणजे माउंट मेरी चर्च. आजची इमारत १९०४ ची. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा असते. नवसाचे मेणाचे हात-पाय, घरं विकायला असतात. शांतपणे बघायचं असेल तर तो आठवडा टाळा.

खाली उतरून किल्ला. १६४० चा, पोर्तुगीजांचा. नाव आग्वाद, म्हणजे पाणी भरायची जागा. जहाजं इथं गोडं पाणी घेत. अजिंक्यतारा पाहिलेल्याला हा किल्ला वाटायचाच नाही, चार भिंती उरल्यात. पण त्या का पडल्या, यात साताऱ्याचाही संबंध आहे. शाहू महाराज साताऱ्याच्या गादीवर असताना, १७३९ च्या सुमारास, मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून तो पाडला गेला.

आता बँडस्टँड. खडकांवर उतरू नका, भरती पाठीमागून घेरते. पावसाळ्यात तर नाहीच. हिवाळ्यात सूर्यास्त पाहून रात्रीची महालक्ष्मी मिळते. मे महिन्यात सूर्य सातनंतर बुडतो, तेव्हा त्याची वाट न बघता दादर गाठा.