या चुका टाळा: डेटाबेस एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर नेताना

दोन्ही सर्व्हरवर मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरची आवृत्ती तंतोतंत एकच आहे, म्हणजे वागणूकही एकच असणार, असे गृहीत धरणे ही पहिली चूक होय. फाइलींची नावे, टाइमझोन, अक्षरांचा क्रम अशा बाबतींत डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टीमवर विसंबून असतो आणि आवृत्तीच्या क्रमांकावरून त्याचा काहीच पत्ता लागत नाही.

सर्वाधिक मनस्ताप टेबलांच्या नावांमुळे होतो. या नावांत कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक मानायचा की नाही, हे ठरवणाऱ्या ‘लोअर_केस_टेबल_नेम्स’ या सेटिंगची डीफॉल्ट किंमत लिनक्सवर 0, विंडोजवर 1 आणि मॅकओएसवर 2 असते. विंडोजवर नावे स्मॉल अक्षरांत साठवली जातात, त्यामुळे तिथल्या डंपमध्येही (डेटाबेसच्या निर्यात केलेल्या प्रतीतही) ती तशीच येतात. कोडमधल्या क्वेरीत (डेटाबेसला केलेल्या विचारणेत) मात्र पहिले अक्षर कॅपिटल राहिलेले असते आणि हा फरक मानणाऱ्या लिनक्सवर टेबल अस्तित्वात नसल्याची 1146 क्रमांकाची एरर येते. अशा वेळी डंप पुन्हा रिस्टोअर करत बसण्यात अर्थ नाही. सेटिंग बदलून सर्व्हर रीस्टार्ट करण्याचा जुना उपायही मायएसक्यूएल 8.0 पासून चालत नाही, कारण डेटा डिरेक्टरी (डेटाबेसच्या फाइलींचे फोल्डर) तयार होताना ठरलेली किंमत नंतर बदलली, तर सर्व्हर सुरूच होत नाही. उबंटूवर तर पॅकेज इन्स्टॉल होतानाच ही डिरेक्टरी तयार होते. त्यामुळे कोडमधली सगळी नावे स्मॉल करून घेणे हाच माझ्या मते टिकाऊ मार्ग आहे.

एरर न देणाऱ्या चुका अधिक घातक असतात. टाइमझोनची टेबले भरलेली नसतील, तर टाइमझोनचे नाव दिल्यावर ‘कन्व्हर्ट_टीझेड’ हे वेळ एका टाइमझोनमधून दुसऱ्यात बदलणारे फंक्शन निमूटपणे नल (रिकामी किंमत) देते. विंडोजवर बनवलेली सीएसव्ही फाइल ‘लोड डेटा’ या आदेशाने डेटाबेसमध्ये घेताना ओळीचा शेवट स्पष्ट सांगितला नाही, तर शेवटच्या कॉलमला न दिसणारे एक अक्षर चिकटते आणि तुलना फसते.

पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तर लिनक्सवरून लिनक्सवर जातानाही धोका असतो. लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या 2018 मध्ये आलेल्या 2.28 आवृत्तीने अक्षरांचा क्रम बदलला. जुन्या लिनक्स वितरणावरची डेटा डिरेक्टरी उचलून नव्यावर ठेवली, तर मजकुराच्या कॉलमवरील इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या क्रमवार सूची) जुन्याच क्रमाने राहतात. मग असलेली ओळ सापडत नाही आणि युनिक इंडेक्स असूनही दुहेरी नोंदी शिरतात. म्हणून डिरेक्टरी हलवल्यास वापर सुरू होण्याआधी हे इंडेक्स रीइंडेक्स करावेत, म्हणजे नव्याने बांधावेत. डंप घेऊन रिस्टोअर केल्यास ते नव्या क्रमानेच बांधले जातात.