क्रूझवर रात्रीच्या जेवणाला जाताय? पुरुषांनो, या चुका टाळा

डायनिंग हॉलच्या दारातला माणूस आधी तुमच्या पायांकडे बघतो. हे मी सांगू शकतो, कारण त्या दारात मी स्वतः अकरा वर्षं उभा होतो. मी वेंगुर्ल्याचा. परदेशी क्रूझवर आधी वेटर होतो, मग हेड वेटर झालो, आता घरी असतो. पावसाळा सरून मुंबई-गोवा क्रूझच्या फेऱ्या सुरू झाल्या की गावातलं कोणी ना कोणी खळ्यात येऊन विचारतंच, "सूट शिवूक होयो काय रे?"

बहुतेक वेळा नको. सूट नाही म्हणून परत पाठवलेला माणूस मला आठवत नाही. चप्पल, हाफ पॅन्ट, बिनबाह्यांचा टी-शर्ट यांच्यापायी परत पाठवलेले मात्र पुष्कळ आठवतात, आणि त्यांतले निम्मे तरी चांगल्या घरचे, खिशाने भक्कम.

आपल्याकडे 'बोट' म्हटलं की अजून जुनी बोट डोळ्यांपुढे येते. भाऊच्या धक्क्यावरून निघायची, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत खाली यायची. किनाऱ्यापासून पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, लेंगा गुडघ्यापर्यंत वर, चपला काखेत. जेवण म्हणजे घरून बांधून दिलेली भाकरी आणि सुकं. २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली तेव्हाही माझ्या एका काकांनी सामानात पहिली सतरंजीच घेतली होती. अशा माणसाला "जेवायला जाताना बूट घाला" म्हटलं की तो म्हणणार, "मी काय लग्नाक जातंय?" दुसऱ्या टोकाला आमचे मेव्हणे. दोन रात्रींच्या फेरीसाठी त्यांनी थ्री-पीस शिवून घेतला आणि गोव्याला पोचेपर्यंत तो बॅगेतून बाहेरच निघाला नाही.

'स्मार्ट कॅज्युअल' हा शब्द न वाचणं

सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. बुकिंगच्या कागदात किंवा केबिनमध्ये रोज येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत (हल्ली ती मोबाइलच्या अ‍ॅपवर असते) त्या रात्रीचा पोशाख लिहिलेला असतो. 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे फुल पॅन्ट, कॉलरचा शर्ट किंवा पोलो टी-शर्ट आणि बंद बूट. संपलं. फाटलेली नसली तर गडद जीन्ससुद्धा बहुतेक ठिकाणी चालते. 'फॉर्मल', 'गाला' किंवा 'एलिगंट' असं लिहिलं असेल तर सूट, नाहीतर निदान जॅकेट आणि नीट पॅन्ट. सात रात्रींच्या फेरीत अशा रात्री साधारण दोन असतात. दोन-तीन रात्रींच्या फेरीत फार तर एक, पुष्कळदा एकही नाही.

कंपनीगणिक फरक मोठा आहे. क्युनार्डच्या क्वीन मेरी २ वर गालाच्या रात्री संध्याकाळी सहानंतर पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय घालावा अशी अपेक्षा असते. नॉर्वेजियन क्रूझ लाइनवर याउलट सक्तीची फॉर्मल रात्रच नसते. म्हणून "माझा मित्र गेला होता, त्याने असं सांगितलं" यावर बॅग भरू नका. मित्राची बोट वेगळी होती.

आणि एक. जेवायच्या जागा निदान दोन असतात. वरच्या डेकवरचा बुफे आणि खालचा मोठा डायनिंग हॉल. पोशाखाचा कडकपणा असतो तो हॉलमध्ये. बुफेला दिवसा हाफ पॅन्ट चालते म्हणून रात्री हॉलमध्येही चालेल असं धरून माणसं येतात आणि बायकामुलांसमोर अवघडतात. मुलं आत, आई आत, बाबा दारात. तेव्हा वाद घालू नका. दारातल्या मुलाच्या हातात काही नसतं. केबिनमध्ये जाऊन पॅन्ट बदलून या, टेबल तुमचंच आहे.

संध्याकाळचे कपडे मोठ्या बॅगेत टाकणं

बंदरात मोठ्या बॅगा टॅग लावून तुमच्याकडून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी पोचायला वेळ लागतो. कधी दोन तास, कधी संध्याकाळ. तुम्ही दुपारी घामाघूम होऊन चढलेले, अंगात बर्म्युडा, पायात सँडल, आणि जेवणाची पहिली पंगत सहाच्या सुमारास. पंगत हा आपला शब्द, पण व्यवस्था तीच. पुष्कळ बोटींवर पहिली पंगत सहाला, दुसरी साडेआठच्या आसपास. पहिल्या रात्रीची एक पॅन्ट, एक शर्ट, मोजे आणि बूट खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. एवढं केलंत तरी पहिल्या रात्रीची निम्मी भांडणं टळतील. बायकोबरोबरची तर सगळीच.

जपून ठेवलेले बूट

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण ही आपल्या किनाऱ्याची खास चूक आहे.

एकदा भूमध्य समुद्रात, फॉर्मल रात्री, देवगडकडचे एक गृहस्थ आले. त्यांचं मराठी कानावर पडलं तसा मी स्वतःच पुढे झालो. सूट नेटका, टायची गाठ बरोबर, बुटांना पॉलिश असं की वरचे दिवे दिसावेत. टेबलापर्यंत त्यांना सोडलं आणि मागे वळून बघतो तर निळ्या गालिच्यावर काळ्या चुऱ्याची रेघ, चहाच्या भुकटीसारखी, थेट दारापासून. खुर्चीपाशी उजवी टाच अख्खी निघून पडलेली. ते वाकून तो तुकडा खिशात घालायला लागले. "लग्नात घेतलेले हो," म्हणाले, "दोनदाच घातलेत. अगदी जपून ठेवले होते."

जपून ठेवले तेच नडलं. बऱ्याच बुटांचा तळ पॉलीयुरेथेनचा असतो, दुकानदार ज्याला पीयू सोल म्हणतात तो. हवेतल्या ओलाव्याने हा पदार्थ आतल्या आत विघटन पावतो, आणि उष्ण दमट हवेत ते वेगाने होतं. आपल्याकडे पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांतही खाऱ्या वाऱ्याचा दमटपणा असतोच. खोक्यात बंद राहिलेला बूट वरून नवा दिसतो. पण पाच-सात वर्षांनी घालून पन्नास पावलं टाकली की तळाचा चुरा. रोज वापरात असलेला बूट उलट जास्त टिकतो.

तेव्हा निघायच्या दोन आठवडे आधी बूट काढा. टाचेत अंगठ्याचं नख दाबा. खूण तशीच राहिली, बोटाला चिकट लागलं किंवा बारीक भेगा दिसल्या तर तो बूट गेला. ठीक वाटला तरी अर्धा तास खळ्यात घालून फिरा. वरचं चामडं चांगलं असेल तर दुरुस्तीवाल्याकडून रबरी तळ शिवून घ्या. नुसता चिकटवून नको, शिवूनच. रबरी तळाचा दुसरा फायदा बोटीवर कळतो. डेकवर खारं पाणी आणि दव असतं, गुळगुळीत चामडी तळ त्यावर घसरतो आणि बोट हलत असली तर विचारूच नका.

ऐन वेळी टाच निघालीच तर? केबिन सांभाळणाऱ्या स्टुअर्डला सांगा. त्याच्याकडे चिकटपट्टी तरी असते आणि बुटांची व्यवस्था होईल का ते तो विचारून येतो. त्या रात्री त्या गृहस्थांना मी माझे जादाचे बूट आणून दिले. अर्धा नंबर मोठे होते, पुढे पेपर नॅपकिन कोंबले. जेवण होईपर्यंत पाय टेबलाखालीच होते, कुणाला कळलं नाही. पण प्रत्येक बोटीवर वेंगुर्ल्याचा हेड वेटर भेटणार नाही. म्हणून साधे, एकरंगी, काळे स्नीकर्स बॅगेत असू द्या. स्मार्ट कॅज्युअल रात्री ते बहुतेक ठिकाणी खपतात. काळ्या बुटावर पांढरे मोजे मात्र नकोत, शाळा सुटली.

कोल्हापुरीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. आपल्या नजरेत कुर्त्यावर करकरीत कोल्हापुरी म्हणजे पूर्ण पोशाख. दारातला फिलिपिनो मुलगा फक्त उघडी बोटं बघतो, आणि त्याला दिलेल्या नियमात पुरुषांच्या उघड्या चपला बसत नाहीत. आपल्याकडच्या फेऱ्यांवर कुणी फारसं बोलणार नाही, परदेशी बोटीवर मोजडी घ्या.

लग्नातला सूट न बघता भरणं

बुटांचा भाऊच हा. कपाटातून काढला की पाठीवर पांढरट बुरशी, कॉलरला कुबट वास, त्यात डांबराच्या गोळ्यांचा वास मिसळलेला. एसीच्या बंद हॉलमध्ये हा वास शेजारच्या टेबलापर्यंत जातो. आम्ही वेटर लोक आपसात त्याला 'ट्रंकेचं सेंट' म्हणायचो. त्यावर परफ्यूम मारू नका, दोन्ही वास मिळून तिसराच तयार होतो. बुरशी कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, सूट दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा, मग ड्रायक्लीनला द्या. आठवडा हाताशी ठेवून द्या, आमच्याकडचे दुकानदार कपडे कुडाळला पाठवतात.

घालून बघा, आणि बसून बघा. उभ्याने बटण लागतं आणि बसल्यावर शिवण उसवते, तीही नेमकी सुपाच्या वेळी. पॅन्टची कंबर शिंप्याकडून दोन इंच सैल करून मिळते, कारण आत कापड सोडलेलं असतं. जॅकेटचे खांदे मात्र वाढत नाहीत. तिथे हट्ट सोडा.

सूट नाही म्हणून हिरमुसणं

बंदगळा आहे ना घरात? भाच्याच्या मुंजीत घातलेला? गडद रंगाचा बंदगळा, खाली काळी पॅन्ट, हा पोशाख मी कुठल्याही बोटीच्या फॉर्मल रात्री अडवलेला पाहिला नाही. क्युनार्डसारखी कडक कंपनीसुद्धा फॉर्मल राष्ट्रीय पोशाख मान्य करते. टाय लागत नाही, गाठीचा प्रश्न नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या पोटांना तो सुटापेक्षा जास्त शोभतो. कुर्ता-चुडीदारावर नेहरू जॅकेटही छान. नुसता चुरगळलेला सुती कुर्ता मात्र झोपायचा कपडा वाटतो. लुंगी केबिनमध्येच.

इस्त्री घेऊन जाणं

घरची इस्त्री बॅगेत टाकू नका. आगीच्या भीतीने जवळजवळ सगळ्या बोटींवर ती बंद आहे. स्कॅनरमध्ये सापडते, काढून घेतात आणि उतरताना परत देतात. काही परदेशी बोटींवर प्रवाशांसाठी इस्त्रीची खोली असते, नाहीतर पैसे देऊन लॉण्ड्रीतून प्रेस करून मिळतं. फॉर्मल रात्रीच्या दुपारी मात्र तिथे गर्दी उसळते, कपडे सकाळीच द्या.

फुकटचा उपाय असा: शर्ट न्हाणीघरात हँगरला टांगा, दार लावा, गरम पाण्याचा शॉवर थोडा वेळ सोडा. वाफेने सुरकुत्या सुटल्या की हाताने खाली ओढून घ्या आणि बाहेर वाळू द्या. लिननला हा उपाय लागू पडत नाही. लिननचा शर्ट फोटोत सुंदर दिसतो, पण कोकणच्या हवेत लिफ्टपर्यंत जाईस्तोवर त्याचा पापड होतो. त्यापेक्षा जुनं टेरिकॉट बरं. पाच शर्ट नेण्यापेक्षा एक नेव्ही ब्लू जॅकेट, एक करडी पॅन्ट आणि तीन शर्ट न्या, आठवडा निघतो.

किरकोळ गोष्टी: टोपी दाराबाहेर काढा, गॉगल डोक्यावर ठेवून आत येऊ नका. हॉलचा एसी कडक असतो, त्यामुळे दिवसभर उकाड्यात काढलेल्या अंगाला पातळ शर्टात थंडी वाजते. किनाऱ्यावरची सहल संपवून थेट जेवायला येऊ नका, वाळू खुर्चीखाली सांडते आणि आम्ही ती बघतो.

डाग पडल्यावर घासणं

पडणारच. बोट हलते, वाटी काठोकाठ, शर्ट पांढरा. हळदीच्या रश्शाचा डाग पडला की माणूस धावत न्हाणीघरात जातो आणि हात धुवायचा साबण चोळतो. तिथेच फसतो, कारण साबणाच्या खारपणाने हळद लाल होते आणि दिसायला भलतंच दिसतं. सोलकढीचं तसंच. कोकमाचा रंग आंबटपणात गुलाबी असतो, साबण लागला की तो निळसर-करडा पडतो. आधी चमच्याने वरचं काढून घ्या. मग कोरडा नॅपकिन दाबून धरा, घासू नका. नंतर थंड पाण्याने किंवा साध्या सोडा वॉटरने ओल्या केलेल्या कापडाने बाहेरून आत टिपत या. वेटरला सांगा, तो सोडा आणून देतो, आम्हाला ते रोजचं आहे. उरलेली हळद घरी आल्यावर धुवून कडक उन्हात टाका. ऊन तिला खातं, दोन दिवसांत शर्ट पांढरा. तोवर जॅकेटचं बटण लावा आणि पुढची माशाची डिश येऊ द्या.