मोठ्या वर्गासाठी विद्यार्थी-साहाय्यक कसे तयार करावेत?

दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रश्न देऊन शेजाऱ्याशी चर्चा करायला सांगितले, की प्राध्यापक जेमतेम पुढच्या दोन रांगांपर्यंत पोहोचतो. मागे चर्चा विषयाची चालली आहे की कॅन्टीनची, हे त्याला कळत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने या शतकाच्या आरंभी बोल्डर येथे, तोच विषय आधी शिकलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना ‘लर्निंग असिस्टंट’ म्हणून अशा वर्गांत उतरवले. साप्ताहिक पूर्वतयारी, अध्यापनशास्त्राचा छोटा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष वर्गकाम हे त्या पद्धतीचे तीन आधार कोणत्याही महाविद्यालयाला उचलता येतील.

निवड केवळ गुणपत्रिकेवरून करू नये. ज्याला सगळे पहिल्याच वाचनात समजले, त्याला इतरांचे कुठे अडते हे दिसतेच असे नाही. निवडलेल्यांना मानधन किंवा श्रेयांक द्यावेत. ‘अनुभव मिळतो ना’ एवढ्यावर फार काळ कोणी टिकत नाही.

त्यानंतर दर आठवड्याला तासभर बसून पुढचे प्रश्न त्यांच्याकडून सोडवून घ्यावेत आणि चुकीची उत्तरे कोणत्या विचारातून येतील, हे त्यांनाच लिहायला लावावे. ट्रक आणि मोटार यांच्या टकरीत कोण कोणावर अधिक बल लावते, असे विचारले की पुष्कळजण ट्रकचे नाव घेतात. दोन्ही बले समान असली, तरी हलक्या मोटारीचा वेग अधिक बदलतो आणि चेंदामेंदाही तिचाच दिसतो. हा गोंधळ साहाय्यकाला वर्गात जाण्यापूर्वीच ओळखीचा असावा.

सर्वांत अवघड धडा उत्तर न सांगण्याचा आहे, आणि सत्राच्या सुरुवातीचा बराचसा वेळ त्यालाच द्यावा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे अधिक लांब व सकारण येतात, असे अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या संशोधनात आढळले होते. त्यामुळे जोड्या करून एकाने अडलेला विद्यार्थी व्हावे आणि दुसऱ्याने, पेन खिशात ठेवून, ‘हे कसे ठरवलेस?’, ‘शेजारी वेगळे म्हणतोय, त्याला काय सांगशील?’ एवढेच विचारत थांबण्याचा सराव करावा. पेन साहाय्यकाच्या हाती आले, की समोरच्याचा विचार तिथेच थांबतो.

वर्गात प्रत्येकाला ठरावीक रांगा वाटून द्याव्यात आणि मध्ये जाण्यायेण्यापुरत्या काही रांगा मोकळ्या ठेवाव्यात. उत्तरपत्रिका तपासण्याचे काम मात्र त्यांच्यावर सोपवू नये, कारण गुण देणाऱ्यासमोर विद्यार्थी आपले अज्ञान लपवतो. तास संपल्यावर दहा मिनिटे थांबून त्यांच्या कानांवर आलेले चुकीचे तर्क प्राध्यापकाने टिपून घ्यावेत. पुढच्या तासाचा पहिला प्रश्न त्यांतूनच काढावा.