रविवारी कुठं जाऊ नका, वावरात रोडगे करा

शुक्रवारी संध्याकाळी पानठेल्यावर सगळ्यांचे रविवारचे बेत ऐकले. एक म्हणे "आम्ही चिखलदऱ्याले जाऊन रायलो", दुसरा म्हणे शेगावले दर्शन अन् येतांनी कचोरी, तिसऱ्याच्या साल्यानं म्हणे ताडोब्याची सफारी बुक केली. मले विचारलं तुझं काय, मी म्हटलं मी वावरात जाऊन रायलो. सगळे हसले. "वावरात तर तू रोजच जातं बे!"

आता खरं सांगतो, चिखलदरा आपल्यालाही आवडतो, ११०० मीटरवर सातपुड्याची थंड हवा कोणाला नको. पण रविवारी तिथं जायचं म्हणजे पहाटे ४ ला उठा, पोट्ट्यांना झोपेतून उचलून गाडीत कोंबा, परतवाड्याच्या पुढं घाट लागला की एक जण तरी ओकणार, वर पोचलं की पार्किंग नाही, पॉइंटवर माणसामागं माणूस, आणि रात्री ११ ला घरी येऊन सोमवारी सकाळी अंग असं दुखते की जसा काही दिवसभर सोयाबीन सोंगला. याला आराम म्हणत असाल तर म्हणा.

माझा बेत रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात अन् राखेत भाजलेले कणकेचे गोळे. आणि रोडगेच काहून, मटणाचा बेत काहून नाही, तर त्याला कारण आहे. रोडगे एकदा फुफाट्यात, म्हणजे गरम राखेत, पुरले की पाऊण तास-तासभर कोणाला काहीच करता येत नाही. हलवायचं नाही, उघडून पाहायचं नाही, घाई करायची नाही. तेवढा एक तास सगळी माणसं नुसती बसलेली असतात. मला वर्षभरात असा दुसरा तास सापडत नाही. बाकी खाली जे काही सांगतो ते सगळं त्या एका तासासाठी आहे असं समजा.

पहिले दिवस निवडा. तुरी सोंगून झाल्या, हरभरा घाट्यावर आला (दाणे भरले) आणि ऊन अजून चावत नाही, म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा अर्धा, हा सगळ्यात चांगला टाइम. कपाशीच्या वेचणीच्या ऐन गर्दीत बेत ठेवाल तर अर्धे लोक येणार नाहीत, अन् जे येतील त्यांचं ध्यान शेजारच्या धुऱ्यावर (बांधावर) फुटलेल्या बोंडांकडं राहील. गावचा बाजार रविवारचा असेल तर शनिवारी करा नाहीतर बायका म्हणतील भाजीपाला कोण आणणार, आणि त्यांचं बरोबरच आहे.

बायकांवरून आठवलं, ही गोष्ट पहिलेच ठरवून घ्या. आपल्याकडं रोडग्याचा बेत म्हणजे माणसं निंबाखाली पत्ते कुटतात आणि बाया कणीक मळतात, मग त्यांचा रविवार कुठं गेला? आमच्या इथं तीन वर्षापासून नियम आहे, मळणं, लाटणं, जाळ, भाजी, सगळं माणसं अन् पोट्टे करतील. पहिल्या वर्षी माझ्या मोठ्या मायला एवढं बेचैन झालं की दर पाच मिनिटांनी उठून गंजात (पातेल्यात) डोकावायची, शेवटी तिला बाजेवर बसवून नातवाला तिच्या मांडीवर दिला तेव्हा थांबली. आता आरामात बसून चुका काढते. ते तिला जास्त आवडते वाटते.

सामान १५ माणसांचं सांगतो. गहू ४ किलो, पण चक्कीवर नुसतं "दळून दे" म्हणाल तर पोळीचं बारीक पीठ हातात येईल, "रोडग्याचं जाडसर दळ" असं सांगायचं आणि तिथं उभं राहायचं. वांगे ३ किलो, छोटे, देठासकट. तुरीची डाळ एक किलो. तूप एक किलो घ्या, उरलं तर घरी येते पण कमी पडलं तर माणसं वर्षभर बोलून दाखवतात. कोणाच्या घरी पूर्णाथडी म्हैस असेल तर तिथूनच घ्या, पूर्णाकाठची ही भुरी म्हैस, तिच्या लोणकढ्या तुपाचा वास अर्धं काम करून टाकते. तेल, कांदे, लसण, अद्रक, सुकं खोबरं, खसखस, सांभार (कोथिंबीर), गूळ. तिखट भिवापुरी मिळालं तर सोनं, नाहीतर घरचं. गोवऱ्या ६०-७०, थापलेल्या अन् खडखडीत वाळलेल्या. दोन मोठे गंज, परात, सराटा, एक धुतलेलं जुनं धोतर (हे काहून लागते ते पुढं सांगतो), आणि पाणी.

पाण्याचं जरा थांबून सांगतो. आमचं वावर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं, विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की कळते. बाहेरगावचा पाहुणा म्हणतो वावरात विहीर आहे ना मग कॅन कशाला नेता. एका वर्षी आम्हीही तेच केलं, डाळ विहिरीच्या पाण्यात टाकली, दीड तास उकळली तरी दाणा बोटात दाबला की टणक. शेवटी वरणाच्या नावावर पिवळं पाणी आणि खाली डाळ असं जेवलो. तेव्हापासून पिण्याचं अन् डाळीचं पाणी गावातून, हातपाय धुवायला अन् आग विझवायला विहिरीचं. आणि डाळ तर रात्रीच भिजवून ठेवा, कटकटच नाही.

गोवऱ्यांची पण एक गंमत झाली होती. आदल्या दिवशी सगळं सामान ट्रॅक्टरनं नेऊन टाकलं, गोवऱ्या उघड्यावरच राहिल्या, रात्री दहिवर (दव) पडलं. सकाळी जाळ काही धरेना, नुसता धूर. डोळ्यातून पाणी, पोट्टे खोकतात, दोन वाजले तरी निखारा नाही, मग कोणीतरी घाईघाईत अर्ध्या जळलेल्या गोवऱ्यांवरच रोडगे मांडले. बाहेरून काळे अन् फोडला तर आत पांढरा चिकट गोळा. मोठी माय काही बोलली नाही, तिनं तो रोडगा परत राखेत फेकला फक्त. तर गोवऱ्या सकाळी सोबतच न्या, नाहीतर ताडपत्रीखाली झाका.

जागा निवडतांनी हवा पाहा. कुटाराचा (भुशाचा) ढीग, पऱ्हाट्या-तुराट्यांची (कपाशी-तुरीच्या वाळल्या काड्यांची) गंजी यांच्या जवळ बिलकुल नाही, वारा त्यांच्याकडं वाहत असेल तर नाहीच. आणि काळ्या मातीच्या भेगा! फेब्रुवारीत आपल्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, निखारा आत गेला तर वरून दिसत नाही अन् आतल्या आत धुपत राहते. जाळाच्या जागेवर आधी ओली माती पसरून भेगा बुजवा, चारी बाजूनं कचरा झाडून काढा.

सकाळी ९ ला पोचलात तर ठीक. एका जोडीनं पीठ घ्यायचं. मीठ, हातावर चोळलेला ओवा, अन् तेलाचं मोहन. मोहन किती याचं माप म्हणजे पीठ मुठीत दाबलं तर लाडू राहायला पाहिजे अन् बोटानं टोचला तर फुटायला पाहिजे. मग घट्ट मळायचं, पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट, मनगट दुखलं म्हणजे जमलं. वीस मिनिटं झाकून ठेवा. मग छोट्या छोट्या पुऱ्या लाटायच्या, एकीवर तेलाचं बोट फिरवून दुसरी, तिच्यावर तेल लावून तिसरी, आणि हा थर एका मोठ्या पुरीत ठेवून तोंड बंद करून गोल करायचा. नुसता गोळा करूनही रोडगा होतो, लोक करतात, पण मग आतून पदर सुटत नाही अन् तूप आत जात नाही, वरून ओघळून ताटात येते. ४ किलोत ३५ च्या आसपास होतात, मोठ्या लिंबापेक्षा मोठा अन् संत्र्यापेक्षा लहान एवढा आकार ठेवा. मोठे केले की आत कच्चे राहतात. आमचे वर्धेचे साडभाऊ यालाच पानगे म्हणतात आणि दरवर्षी त्याच्यावर वाद होतो, तो होऊ द्यावा, त्याच्यात वेळ चांगला जातो.

दुसऱ्या जोडीनं तोवर गोवऱ्या गोल रचून खालून काडीकचऱ्यानं पेटवायच्या. अर्धा-पाऊण तास जळू द्या. ज्वाला गेली, धूर गेला, लालबुंद आर राहिला की मग लांब काडीनं पसरवा. रोडगे निखाऱ्यावर मांडायचे आणि चारी बाजूनं फिरवत शेकायचे, वरची कातडी कडक अन् बदामी होईपर्यंत. हे टाळलं आणि सरळ पुरले तर राख चिकटते, मग दाताखाली कचकच. कडक झाले की निखारे बाजूला सारून रोडगे गरम राखेत ठेवायचे, वरून राख, राखेवर निखारे. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, फक्त इथं ते चांगलं असते.

वांग्याची भाजी याच्या आधी चढवून द्या म्हणजे तो तास मोकळा मिळतो. तीन दगडांची चूल, तुराट्यांचा जाळ, गंजाला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवलेला, नाहीतर काजळी घासता घासता सोमवार उजाडेल. कांदे अन् खोबरं त्याच निखाऱ्यात भाजून घ्यायचे, लसण-अद्रक-खसखस घालून पाट्यावर वाटा, पाटा नसेल तर घरूनच मिक्सरमधून वाटून आणा, कोणी पोलीस येत नाही. वांगे चार चिरा देऊन मिठाच्या पाण्यात. तेल सढळ टाका, डाएटवाल्याला त्या दिवशी बोलावूच नका. मसाला तेल सुटेपर्यंत परतला, तिखट गेलं, वांगे गेले, की पाणी मात्र उकळतं टाकायचं. थंड टाकलं की तर्री बसते, मग कितीही तेल ओता वर येत नाही. वरून सांभार. वांगं देठाला धरून उचललं अन् लोंबलं की झालं, जाळ ओढून टाका.

आणि आता तो तास.

याचा गाइड काय सांगायचा. बाज निंबाच्या सावलीत टाका, सावली सरकते तशी बाज सरकवा. मोबाइल, जमलं तर, एका पिशवीत टाकून पिशवी निंबाच्या फांदीला. आमच्याकडं तसंही नेटवर्क धुऱ्यावर उभं राहिल्याशिवाय येत नाही. पोट्टे हरभरा उपटून आणतात अन् बाजूला हुळा भाजतात, तोंडं काळी करतात, करू द्या. काका लोक पावसाचा विषय काढतात, मग कापसाच्या भावाचा, भावाचा विषय निघाला की कोणीतरी मुद्दाम म्हणते "रोडगे पाहा बरं जळले काय", आणि विषय मोडतो. हे काम एका माणसाला वाटून द्या, खरंच सांगतो, नाहीतर कर्जाच्या हप्त्यावर गाडी जाते. गेल्या खेपेला माझी बायको चक्क झोपली, भर दुपारी, तोंडावर पदर घेऊन, घरी तिला मी दुपारी झोपलेलं कधी पाहिलं नाही. कोणी उठवलं नाही.

एखादा रोडगा तडकला, वरून भेग दिसली, आतून भाजलेल्या गव्हाचा वास आला की काढा. आता ते धोतर. वीस-पंचवीस रोडगे त्याच्यात टाकायचे, दोघांनी दोन दोन टोकं धरायची आणि झुलवायचं, सुपात पाखडल्यासारखं. रोडगे एकमेकांवर आपटतात, राख कपड्यातून गळते, अन् आतून स्वच्छ बदामी माल निघतो. पोट्टे याच्यासाठी भांडतात. गरम असतांनाच फोडा, हातानं जमत नाही म्हणून तळहातावर दुसऱ्या हाताचा बुक्का मारून फोडतात आमच्याकडं, मग चुरून वर तूप, शेजारी वरण, वांग्याची तर्री, कच्चा कांदा. पहिले दोन भाजीसोबत आणि शेवटचा अर्धा गूळ-तुपासोबत असा हिशोब ठेवा. तीनच्या वर गेलात तर ट्रॅक्टरमध्ये कोणाला तरी उचलून टाकावं लागते.

निघतांनी विहिरीचं पाणी बादलीनं ओता, राखेत काडी फिरवून परत ओता, चटका बसत नाही ना ते हात धरून पाहा. पत्रावळ्या खड्ड्यात, प्लास्टिक पिशवीत भरून घरी. गाडगेबाबा ज्या दापुऱ्यात मामाच्या घरी वाढले ते आमच्याच तालुक्यातलं, तेव्हा घाण टाकून जायला निदान आम्हाला तरी तोंड नाही.

अजून एक. रात्री हरभऱ्यात रोही (नीलगाई) अन् डुकरं उतरतात म्हणून जागलीवर कोणीतरी असतेच, आमच्याकडं चुलत भाऊ असतो, तो दिवसा झोपतो म्हणून बेताला कधीच नसतो. चार रोडगे, डबाभर भाजी अन् गुळाचा खडा फडक्यात बांधून मचाणाच्या दांडीला उंच लटकवून या, खाली ठेवाल तर कुत्रं नेते. रात्री ९ ला त्याचा फोन येतो, धुऱ्यावर जाऊन केलेला, "वांग्यात मीठ कमी हाय बे", आणि मागून टॉर्च हाणत डुकरांवर ओरडल्याचा आवाज.