जपानच्या बिझनेस मॅनेजर व्हिसाचा अर्ज भरण्याआधी

जपानमध्ये स्वतःची कंपनी चालवायची तर हा व्हिसा लागतो. पासपोर्ट, फोटो वगैरे सांगत बसत नाही. जुन्या नियमांवर बेतलेला धंद्याचा प्लॅन आधी बाजूला ठेवा. १६ ऑक्टोबर २०२५ च्या आधी ५० लाख येन भांडवल किंवा दोन पूर्णवेळ कर्मचारी, एवढ्यावर भागायचं. आता ३ कोटी येन लागतात आणि वर किमान एक पूर्णवेळ कर्मचारी.

हा कर्मचारी सगळ्यात आधी शोधा. जागेच्याही आधी. तो जपानी नागरिक हवा, नाहीतर कायम वास्तव्याचा परवाना असलेला, जपानी माणसाशी लग्न झालेला किंवा ‘दीर्घकालीन रहिवासी’ हा दर्जा असलेला. वर्क व्हिसावरचा इंजिनिअर कितीही चांगला असो, या अटीत तो धरला जात नाही. मागच्या वेळी माझा अर्ज इथेच अडकला, म्हणून पुन्हा सांगते: परदेशी माणूस असेल तर नेमणूकपत्र देण्याआधी त्याचं झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, मागा. ‘माझ्याकडे व्हिसा आहे’ यावर विसंबू नका, कार्डावरचा दर्जा स्वतः वाचा.

घोळ होतो तो भाषेच्या अटीमुळे. तुम्हाला किंवा एका पूर्णवेळ कर्मचाऱ्याला बी-२ पातळीचं, म्हणजे मध्यमाच्या वरच्या टप्प्याचं जपानी यायला हवं. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेतलं एन-२ पातळीचं प्रमाणपत्र चालतं. या अटीला वर्क व्हिसावरचा माणूस चालतो. नेमणुकीच्या अटीला चालत नाही! एकच नाव दोन्हीकडे लिहिताना दहादा बघा.

प्लॅन आता शिंदान्शी (लघुउद्योगांचा अधिकृत सल्लागार), चार्टर्ड अकाउंटंट किंवा कर सल्लागार यांच्यापैकी कोणाकडून तरी तपासून घ्यावा लागतो. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या दारात उभे राहू नका. एक आकडा बदलला की पुढची सगळी कोष्टकं बदलतात. पगार आणि सामाजिक विम्यातला कंपनीचा वाटा पहिल्या महिन्यापासून खर्चात धरा. एकट्याने कंपनी चालवण्याच्या हिशोबाने केलेले अंदाज इथेच कोसळतात.

व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अनुभव किंवा संबंधित विषयातली मास्टर्स पदवी लागते. जुन्या कंपन्यांची पत्रं आजच मागा, त्यांना वेळ लागतो. राहत्या घराचा पत्ता ऑफिस म्हणून सहसा मान्य होत नाही.

आधीपासून हा व्हिसा असलेल्यांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत नूतनीकरणात थोडी सवलत आहे, पण धंद्याची स्थिती बघूनच. कर आणि विम्याच्या पावत्या जपा. आणि कर्मचाऱ्याच्या कार्डाची मुदत अर्ज देण्याआधी पुन्हा एकदा बघा.