रिकामा फ्लॅट दाखवायला जाताना
वडोदऱ्यातल्या भायलीकडच्या, अजून वस्ती न झालेल्या इमारतीत मालमत्ता एजंट म्हणून अनोळखी ग्राहकाला फ्लॅट दाखवायचा असेल, तर पहिली भेट दांडिया बाजारातल्या आपल्या कार्यालयातच ठेवावी, त्याच्या ओळखपत्राचा फोटो सहकाऱ्याला पाठवावा आणि मोबाइलवरचे लाइव्ह लोकेशन सुरू करूनच निघावे. खरा ग्राहक याला सहसा हरकत घेत नाही. घेतलीच, तर तो सौदा सोडून द्यावा, असे मला ठामपणे वाटते. फ्लॅटचे मुख्य दार सताड उघडे ठेवावे, प्रत्येक खोलीत ग्राहकाला पुढे जाऊ द्यावे आणि आपण उंबऱ्याशी उभे राहूनच माहिती द्यावी. गच्चीवर किंवा तळघरात एकट्याने मुळीच जाऊ नये. महिला एजंटांनी गुजरातची चोवीस तास चालणारी १८१ अभयम हेल्पलाइन स्पीड डायलवर ठेवावी. स्कूटर फाटकाकडे तोंड करून लावावी.