नाताळची न्याहारी: सकाळी चुलीवर फक्त फुगे

२४ डिसेंबरच्या रात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून, चर्चच्या आवारात सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा देऊन घरी टेकेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. सकाळी पोरं उठतात ती भुकेलीच. त्यातच कुणी मिस्सेला सकाळी जाणार असतं. कोमुन्यांवच्या (मिस्सेत पवित्र भाकरी घेण्याच्या) आधी एक तास काही खायचं नसल्यामुळे ती माणसं परत आल्यावरच ताटावर बसतात. म्हणजे न्याहारीची वेळ पक्की नाही आणि स्वयंपाकघरातल्या माणसाची झोप अपुरी. अशा सकाळी चार पदार्थ ताजे करायला घेतले की करणारी बाई शेवटपर्यंत गॅसपाशीच राहते. म्हणून चुलीवर ताजा पदार्थ एकच ठेवा, बाकी सगळं आदल्या दिवसांत उरका.

तो एक पदार्थ म्हणजे फुगे, आंबवलेल्या मैद्याचे तळलेले पोकळ गोळे. वसई-उत्तनच्या ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडच्या मूळच्या कॅथलिक) घरांत सणाला, लग्नाला ते होतातच. सावंतवाडी-मालवणाकडे, गोव्याच्या वाऱ्यातल्या घरांत सान्नांना, म्हणजे तांदळाच्या इडलीसारख्या वाफवलेल्या वड्यांना पसंती, पण त्या आदल्या दिवशी करून ठेवता येतात, फुगे येत नाहीत. तळून अर्धा तास झाला की फुग्याचा जीव जातो. सोबतीला सोरपोतेल, म्हणजे शिरक्यातलं डुकराच्या मांसाचं कालवण, गोडाला कुलकुल (पिठाचे तळलेले गोड वळे) आणि नेवऱ्या (करंज्या). खालची मापं आठ जणांची आहेत.

सोरपोतेल, २२ किंवा २३ तारखेला

हे ताजं खाण्याचं कालवणच नव्हे. शिरका (व्हिनेगर) मांसात मुरायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी चव नुसती आंबट-तिखट लागते, तिसऱ्या दिवशी मसाला, चरबी आणि शिरका एकजीव झालेले असतात. नाव पोर्तुगिजांकडून आलेलं. वसईवर त्यांचा अंमल १५३४ ते १७३९ होता, आणि शिरक्यात मांस टिकवायची रीत तेव्हापासून इथल्या स्वयंपाकात रुजली.

चरबीसह १ किलो डुकराचं मांस आणि २५० ग्रॅम कलेजी घ्या. मांसाचे मोठे तुकडे मिठाच्या पाण्यात २०-२५ मिनिटं उकळा, कलेजी वेगळ्या भांड्यात फक्त ५-६ मिनिटं. दोन्ही पूर्ण गार होऊ द्या, मगच अर्ध्या सेंटीमीटरचे चौकोन कापा. गरम मांसावर सुरी चालवली की चौकोन न पडता चुरा होतो. उकळलेलं पाणी फेकू नका, रश्श्याला तेच वापरायचं.

१५ काश्मिरी मिरच्या (बिया काढून), १ चमचा जिरं, १० मिरी, ६ लवंगा, दोन बोटं दालचिनी, अर्धा चमचा हळद, १२ लसूण पाकळ्या आणि बोटभर आलं अर्धी वाटी शिरक्यात अर्धा तास भिजवून गंधासारखं वाटा. पाण्यात वाटलं तर टिकत नाही. मांसाचे चौकोन त्यांच्याच चरबीत बदामी होईपर्यंत परता आणि काढून ठेवा. त्याच चरबीत तीन कांदे बारीक चिरून लाल करा, वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, मग मांस आणि दोन वाट्या उकळलेलं पाणी घालून मंद आचेवर ३०-४० मिनिटं शिजवा. कलेजी शेवटच्या दहा मिनिटांत घाला, आधी घातली की खडूसारखी कोरडी होते. रक्त घालायची पद्धत आता बऱ्याच घरांतून गेली आहे, त्याशिवायही चवीला कमी पडत नाही.

दोन गोष्टींनी सोरपोतेल बिघडतं. ॲल्युमिनियमच्या टोपात शिजवलं की शिरका धातूला लागून चव कळकते, म्हणून स्टील किंवा मातीचं भांडं घ्या. दुसरं, गरम असतानाच झाकून फ्रिजमध्ये ढकललं की आतली वाफ उतरून पाणी साचतं. पसरट भांड्यात लवकर निवू द्या, मग झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. २५ तारखेला लागेल तेवढंच काढून खळखळून उकळा. आंबटपणा त्या सकाळी चाखून बघा. कमी वाटला तर चमचाभर शिरका घाला, जास्त झाला तर चिमूटभर गूळ.

घरात डुक्कर न खाणारं कुणी असेल, शेजारी येणार असतील, तर हाच मसाला अर्ध्या शिरक्यात वाटून कोंबडीला लावा. ती मात्र आदल्या दिवशीच करा, दोन दिवस आधी नको, शिरक्यात कोंबडीचे तंतू सुटतात.

फुग्यांचं पीठ, मिस्सेला निघण्याआधी

५०० ग्रॅम मैदा, २ मोठे चमचे साखर, १ छोटा चमचा मीठ, १ छोटा चमचा (३-४ ग्रॅम) इन्स्टंट यीस्ट, २ अंडी, १ वाटी (२०० मिली) नारळाचं जाड दूध आणि साधारण १३० ते १५० मिली कोमट पाणी. जाड दुधाला एक मोठा नारळ पुरतो, अर्धी वाटी गरम पाणी घालून वाटा आणि पिळा. दुसऱ्या पिळण्याचं दूध इथे नको, त्यात चरबी कमी आणि पाणीच जास्त असतं. दूध आणि पाणी बोट बुडवून सहज सोसेल इतपत कोमट हवं. चटका बसेल इतकं गरम असेल तर यीस्ट मरतं आणि सकाळी पीठ आहे तिथेच बसलेलं सापडतं.

जुनी रीत ताडी किंवा माडी घालून आंबवण्याची. मिळाली तर पाण्याऐवजी ती घाला आणि यीस्ट वगळा. त्याच दिवशीची, फेस धरलेली हवी. नीरेत आंबवण्याचं बळ नसतं, आणि शिळी ताडी शिरक्याकडे वळलेली असते. ताडीला यीस्टपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे ती वापरायची तर पीठ दुपारीच भिजवा.

पीठ पोळीच्या कणकेसारखं नको, भज्याच्या पिठासारखंही नको, मधलं, चिकट हवं. परातीत घेऊन तळहाताने खालून उचलायचं आणि परत आपटायचं, पूर्ण दहा मिनिटं. सुरुवातीला हाताला लपेटतं, पाच-सहा मिनिटांनी परातीपासून सुटायला लागतं आणि उचललं की रिबिनीसारखं लांब ओढलं जातं. इथे कंटाळा केला तर फुगे पोकळ होत नाहीत, आत पावासारखे भरीव राहतात. हाताला चिकटतं म्हणून वरून मैदा टाकत जाण्याचा मोह टाळा, बिघडलेल्या फुग्यांचं सगळ्यात मोठं कारण तेच.

पिठात अंडी आणि नारळाचं दूध आहे, त्यामुळे ते रात्रभर ओट्यावर ठेवू नका. दुपटीपेक्षा मोठ्या भांड्यात झाकून अर्धा तास बाहेर, मग फ्रिजमध्ये. गार जागीही ते हळूहळू फुगतं. सकाळी तळण्याच्या एक तास आधी बाहेर काढा. थेट फ्रिजमधलं पीठ सोडलं की तेल निवतं, बाहेर रंग येतो आणि मध्ये कच्चा गोळा राहतो.

तळणं

खोल कढईत तेल किमान पाच सेंटीमीटर हवं. उथळ तेलात फुगा तळाला टेकतो आणि त्याला फिरायला जागा मिळत नाही. आच मध्यम, तेल १७० ते १७५ अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. लगेच उसळी मारून लाल झाला तर तेल फार तापलंय, तळाशी बसून राहिला तर कमी तापलंय. तीन-चार सेकंदांत वर आला की सुरू करा.

डावा हात पाण्यात बुडवून नीट झटका, थेंब तेलात पडला तर अंगावर उडेल. मूठभर पीठ घ्या आणि मूठ सैल आवळा. अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो. तो अंगठ्याने तोडा किंवा उजव्या हातातल्या ओल्या चमच्याने उचलून तेलात सोडा. हात कोरडा पडला की गोळ्याला शेपूट येतं, म्हणून दर तीन-चार फुग्यांनी हात पुन्हा ओला करा. एका वेळी सहा-सात, जास्त नकोत. पीठ नीट जमलं असेल तर फुगा खालून फुगतो आणि आपला आपण पालथा होतो. झारा लावायचा तो नुसतं तेल वर उडवायला. तीन ते चार मिनिटांत फिका बदामी रंग आला की काढा. एवढ्या पिठात चाळीसेक फुगे होतात.

पहिला फोडून बघा. आत जाळी आणि पोकळी असेल तर चालू ठेवा. आत ओलसर असेल तर आच कमी करा आणि गोळा लहान घ्या. तेलकट लागला तर तेल निवलंय किंवा पीठ जास्त आंबलंय. जास्त आंबलेल्याचा वास बिअरसारखा येतो. त्यावर इलाज नाही, तेल जरा जास्त तापवून लहान गोळे काढा आणि लगेच खा.

सान्ना करायच्या असतील तर

दोन वाट्या उकडा तांदूळ सात-आठ तास भिजवा. एक वाटी ओल्या खोबऱ्यासह वाटा, पाण्याऐवजी शक्यतो ताजी माडी घाला. मीठ आणि दोन चमचे साखर घालून फुगू द्या. डिसेंबरात याला उन्हाळ्यापेक्षा तास-दोन तास जास्त लागतात. फुगल्यावर ढवळू नका, डावाने अलगद उचलून वाट्या अर्ध्याच भरा. मोदकपात्रातलं पाणी आधी उकळलेलं हवं, झाकणाला फडकं बांधा, म्हणजे वाफेचे थेंब पडून वर खड्डे पडणार नाहीत. १५ मिनिटं पुरे. २४ तारखेला करून ठेवल्या तर सकाळी पाच मिनिटं पुन्हा वाफवल्या की झालं.

गोडाचं सकाळी काही करू नका, कुलकुल आणि नेवऱ्यांचे डबे भरलेलेच असतात. फार तर पिकलेलं राजेळी केळं बोटभर जाडीच्या चकत्या करून तुपात दोन्ही बाजूंनी मिनिट-मिनिट परता, तिखट न खाणारी पोरं त्यावर फुगा खातात. सोबत चहा कडक आणि कमी गोड. डुकराच्या चरबीवर सोलकढी घ्यायचा मोह होतो, पण शिरक्यावर आणखी कोकम म्हणजे आंबटावर आंबट, ती दुपारच्या जेवणाला ठेवा.

उशिरा उठणाऱ्यांसाठी फुगे तळून ठेवू नका, पीठ ठेवा, फ्रिजमध्ये दुपारपर्यंत ते टिकतं. तळलेले उरलेच तर ते थंड झाल्यावर चिवट होतात. झाकण ठेवून आप्पेपात्रात मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम केले की पुन्हा मऊ पडतात. मायक्रोवेव्हमध्ये घातले तर रबर होतं.